मर्सिडीज १९०: नाइलाजाने काढलेली गाडी की इंजिनियरांची हौस?

घाटमाथा
जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मर्सिडीज १९० बद्दल ठरलेलं कौतुक ऐकायला मिळतं. तेव्हा म्हणे इंजिनियरांचं राज्य होतं, हिशेबनीसांना कोणी विचारत नव्हतं, म्हणून अशी गाडी झाली. (डब्ल्यू २०१ हे तिचं कारखान्यातलं नाव. १९८२ च्या डिसेंबरात आली, १९९३ ला बंद झाली, एकूण १८ लाख ८० हजाराच्या आसपास बनल्या.)

मला हे कौतुक अर्धवट वाटतं. ही गाडी भीतीपोटी जन्माला आली असं माझं मत. १९७३ चं तेलसंकट आलं, पाठोपाठ १९७५ ला अमेरिकेने कायदा केला: कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून इंधनाची सरासरी काढायची आणि ती मर्यादेत बसली नाही तर दंड. १९७८ च्या मॉडेलांपासून तो लागूही झाला. मर्सिडीजकडे तेव्हा सगळा भारदस्त माल. सरासरी सुधारायला एक हलकी गाडी हवीच होती. म्हणजे जिला आपण हौस म्हणतो ती खरं तर कायद्याची पळवाट. पटतंय का? नसेल तर खोडून काढा.

वंगण
पहिला नंबर. खुर्ची टाकून बसलोय, चालू द्या.

सिंडेलफिंगनकर
सिंडेलफिंगनच्या मर्सिडीज कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर राहतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं जमत नाही.

कायद्याचा मुद्दा बरोबर आहे, पण क्रम पाहा. छोट्या मर्सिडीजचं काम १९७४ च्या सुरुवातीलाच कागदावर आलं होतं, म्हणजे अमेरिकन कायदा व्हायच्या आधी. तेव्हा विकासविभागाचे प्रमुख होते हान्स शेरेनबेर्ग. त्यांचा आग्रह एकच, की गाडी लहान झाली तरी मर्सिडीजच वाटली पाहिजे. नंतर हे पद वेर्नर ब्राइटश्वेर्टकडे गेलं आणि गाडी प्रत्यक्षात उतरली ती त्यांच्या काळात.

आकाराचा अंदाज यावा म्हणून: त्या वेळची त्यांची सर्वांत ‘छोटी’ सेडान म्हणजे डब्ल्यू १२३, लांबी ४.७२ मीटर. १९० ची लांबी ४.४२ मीटर, वजन साध्या मॉडेलचं १०८० किलो. म्हणजे एक फूट लांबी आणि सुमारे अडीचशे किलो वजन कमी करायचं, आणि वर अपघातात तितकीच सुरक्षित ठेवायची. पुढचा भाग अर्धवटच धडकला तरी, म्हणजे रुंदीच्या ४० टक्के, आतली माणसं वाचली पाहिजेत हे गणित या गाडीत आधीपासून धरलेलं होतं. गाडी आणि कारखाने मिळून २०० कोटी मार्कांवर खर्च झाला. नुसती सरासरी खाली आणायची असती तर एवढा खर्च कोण करेल?

घाटमाथा
@सिंडेलफिंगनकर, १९७४ ला काम सुरू झालं हे मान्य. पण १९७४ ते १९८२! आठ वर्षं लागली. मधल्या काळात कायदा झाला नसता तर ती फाइल कपाटातच राहिली असती, असा माझा संशय आहे.

ताम्हिणी३२५
तुम्ही दोघे कायदा आणि इंजिनियर यांच्यात अडकलात, बाजाराचं नावच नाही. म्युनिकवाल्यांनी, म्हणजे बीएमडब्ल्यूने, १९७५ ला ३ सिरीज आणली आणि दाखवून दिलं की लोक छोट्या गाडीला मोठ्या गाडीचे पैसे देतात. मर्सिडीजचं गिऱ्हाईक पन्नाशीचं, बीएमडब्ल्यूचं पस्तिशीचं. पस्तिशीत ३ सिरीज घेतलेला माणूस पन्नाशीत स्टुटगार्टला, म्हणजे मर्सिडीजकडे, कशाला जाईल? ही भीती होती, तेलाची नव्हे. आणि गंमत बघा, १९० बाजारात आली त्याच हिवाळ्यात बीएमडब्ल्यूने दुसऱ्या पिढीची ३ सिरीज, आपली लाडकी ई ३०, आणली.

(आयडीतल्या बीएमडब्ल्यू ३२५ वरून कळलंच असेल मी कुठल्या पार्टीचा.)

कुठलीही_चारचाकी
एसी थंड करतो का आणि डिकीत चार बॅगा बसतात का, एवढं सांगा. बाकी तुमचं चालू द्या.

वंगण
@कुठलीही_चारचाकी, चार बॅगा बसतील. बॅगांचे मालक मागच्या सीटवर बसणार नाहीत.

मधुमालती
गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण धागा आवडीने वाचतेय. १९० च्या मागच्या चाकांना पाच दांडे आहेत असं प्रत्येक लेखात असतं आणि पुढे कोणी समजावतच नाही. पाचच का? आणि त्याने होतं काय?

स्पॅनरदादा
@मधुमालती ताई, हा प्रश्न माझा. वर्कशॉपमध्ये जन्म गेला.

उजवा हात पुढे करा आणि तळवा उभा धरा. हे तुमचं चाक. चाक वर-खाली झालंच पाहिजे, खड्डा पचवायला. पण वर जाताना ते आत झुकता कामा नये, आणि त्याचं नाक डावी-उजवीकडे वळताही कामा नये. नाक वळलं की मागचं चाक स्वतःच स्टिअरिंग करायला लागतं. जुन्या पद्धतीत प्रत्येक चाकाला एक तिरका मजबूत हात असायचा (डब्ल्यू १२३ ला तेच, ई ३० लाही तेच, ताम्हिणीसाहेब ऐकताय ना). घाटात वळणावर जोरात आहात आणि घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की गाडीचं वजन पुढे जातं, मागची बाजू उचलते, हात खाली जातो, चाकाचं नाक बाहेर फिरतं आणि शेपूट सुटते. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका.

१९० मध्ये तो एक हात काढून पाच बारीक दांडे लावले. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं: कोणी झुकणं सांभाळतो, कोणी नाक सांभाळतो, कोणी ब्रेक मारल्यावरचा ओढा घेतो. प्रत्येक दांडा दोन्ही टोकांना रबरी बुशवर. त्यामुळे चाक वर-खाली कसंही झालं तरी दिशा सोडत नाही, आणि रस्त्याचा आवाजही केबिनमध्ये कमी येतो. कुठला दांडा कुठे आणि किती लांब, हे ठरवायला त्या लोकांनी वेगवेगळ्या रचनांचे कितीतरी डझन प्रकार बनवून पाहिले. आठ वर्षं कुठे गेली विचारत होता ना, त्यातली बरीच इथे गेली.

आता तोटा. बुश म्हातारे झाले की बाहेरून काही दिसत नाही. गाडी सरळ चालते, आवाज नाही, आणि मागच्या टायरची फक्त आतली कड गुळगुळीत झालेली असते. मालक अलाइनमेंट करून करून थकतो. लिफ्टवर घेऊन टॉमी (छोटी पहार) लावून एकेक दांडा हलवून बघितला की मग सापडतं. आणि एक बदलून भागत नाही, दोन्ही बाजूंचे सगळे बदला, नाहीतर पुढच्या दिवाळीला परत या.

मधुमालती
वा! हात पुढे करून वाचलं. ऑफिसात दोघांनी वळून पाहिलं. धन्यवाद दादा.

ताम्हिणी३२५
ऐकतोय, ऐकतोय. शेपूट सुटते म्हणूनच तर मजा येते.

रेषा
सगळे खालून बघताय, जरा बाहेरूनही बघा. डिझाइनचे प्रमुख ब्रुनो साक्को, जन्माने इटलीतल्या उदिनेचे. त्यांचा दंडक असा की नवं मॉडेल आलं म्हणून जुनं एका रात्रीत म्हातारं दिसता कामा नये, आणि एका वेळी शोरूममध्ये उभ्या असलेल्या लहानमोठ्या गाड्या एकाच घरातल्या वाटल्या पाहिजेत. १९० ही त्या घरातली पहिली लहान मुलगी.

डब्ल्यू १२३ शेजारी उभी केली तर फरक डोळ्यात भरतो. क्रोमचा सोस संपला. मागची काच जास्त तिरकी, डिकी उंच आणि कडेला निमुळती. हे नुसतं सौंदर्य नाही, हवा मागे सुटताना भोवरे कमी व्हावेत म्हणून तसं आहे. हवेच्या विरोधाचा आकडा ०.३४ च्या आसपास आला, त्या काळच्या चौकोनी तोंडाच्या सेडानला तो फारच चांगला. मागच्या दिव्यांच्या खाचा बघा: बाहेरच्या कंगोऱ्यांवर चिखल बसला तरी आतल्या खाचा स्वच्छ राहतात आणि दिवा दिसत राहतो. समोरच्या काचेला वायपरही एकच.

१९८८ ला दारांच्या खालच्या भागावर प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आल्या. जर्मन लोक त्यांना ‘साक्कोच्या फळ्या’ म्हणतात, आणि त्यात प्रेम थोडं, टोमणा जास्त. मला विचाराल तर पट्ट्यांच्या आधीचीच देखणी.

नाममात्र
एक भाबडा प्रश्न. इंजिन दोन लिटरचं, मग नाव १९० का? २०० का नाही?

सिंडेलफिंगनकर
@नाममात्र, २०० हा बिल्ला तेव्हा डब्ल्यू १२३ वर होता. शोरूममध्ये दोन २०० कशा ठेवणार? म्हणून १९०. त्यातही घोळ: साधी १९० कार्ब्युरेटरवाली, ९० हॉर्सपॉवर. १९० ई म्हणजे इंजेक्शनवाली, १२२ हॉर्सपॉवर. इंजिन तेच दोन लिटरचं. मग पुढे १९० ई २.३, १९० ई २.६, १९० डी २.५ अशी नावाच्या मागे शेपटं लागत गेली. १९९३ ला सी क्लास आला तेव्हा कुठे हा गुंता सुटला.

हॅन्डब्रेक
इतके प्रतिसाद झाले आणि सेन्नाचं नाव नाही? निषेध!

१२ मे १९८४. न्युर्बुर्गरिंगला नवा छोटा ट्रॅक झाला, त्याच्या उद्‌घाटनाला मर्सिडीजने १९० च्या २.३-१६ या जोरकस मॉडेलच्या सारख्या गाड्या दिल्या आणि आजी-माजी नामवंत ड्रायव्हर बोलावले: लाउडा, प्रॉस्ट, हंट, मॉस, ब्रॅबम. त्यांच्यात एक पोरगा, फॉर्म्युला वनमध्ये जेमतेम काही शर्यती खेळलेला. पावसाळी हवेत त्याने सगळ्यांना मागे टाकलं. लाउडा दुसरा, रॉयटेमन तिसरा. आयर्टन सेन्ना हे नाव त्या दिवशी बऱ्याच जणांनी लिहून ठेवलं असेल.

तीच २.३-१६ आदल्या वर्षी, ऑगस्ट १९८३ ला, इटलीत नार्दोच्या गोल ट्रॅकवर ५०,००० किलोमीटर पळवली होती. सरासरी वेग ताशी २४७.९ किमी, तोही पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला थांबून. इंजिनाचं १६ व्हॉल्व्हचं डोकं (सिलिंडर हेड) नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थचं, ताकद १८५ हॉर्सपॉवर. मुळात ही रॅलीसाठी काढली होती, पण ऑडी क्वाट्रोने चार चाकं फिरवून रॅलीचा खेळच बदलला. मग हिला सर्किटवर आणली.

वंगण
भागाकार करून पाहिला. ५०,००० भागिले २४७.९ म्हणजे २०१ तास आणि वर थोडी मिनिटं. डब्ल्यू २०१ ला २०१ तास! पत्रिका जुळली.

ताम्हिणी३२५
सर्किटवर आणली आणि मग आमच्या एम ३ ने (३ सिरीजच्या शर्यतीच्या अवताराने) काय केलं तेही लिहा की.

हॅन्डब्रेक
@ताम्हिणी३२५, लिहितो. तुमच्या एम ३ ने बराच मार दिला. म्हणूनच १९८९ ला शर्यतीसाठी सुधारलेली १९० इव्होल्यूशन आली आणि १९९० ला इव्होल्यूशन दोन. नियमाप्रमाणे ५०० गाड्या रस्त्यावर विकाव्या लागत, यांनी दोन्ही वेळा ५०२ बनवल्या. दुसरीला २३५ हॉर्सपॉवर आणि मागे कपडे वाळत घालता येतील एवढा पंख. १९९२ ला क्लाउस लुडविगने जर्मन टूरिंग कार अजिंक्यपद तिच्यावर जिंकलं. आता तुम्ही लिहा.

ताम्हिणी३२५
चहा प्यायला जातोय.

आकुर्डीकर
धागा पुण्याला आणतो. ओढूनताणून नाही, खरा संबंध आहे.

१९० ची मागणी एवढी होती की एकटं सिंडेलफिंगन पुरेना. म्हणून ब्रेमेनचा कारखाना वाढवला आणि १९८३ च्या अखेरीपासून तिथेही १९० बनू लागली. आता ब्रेमेनमध्ये आधी काय बनत होतं? टी १ नावाची मालवाहू व्हॅन. जर्मनीत तिला ‘ब्रेमर’च म्हणायचे. कार आल्या, व्हॅनला जागा उरली नाही आणि १९८४ ला तिची रवानगी ड्युसेलडॉर्फला झाली. याच टी १ वरून आपल्या बजाज टेम्पोने १९८७ ला टेम्पो ट्रॅव्हलर काढली. लग्नाच्या वऱ्हाडापासून अष्टविनायकापर्यंत ज्या गाडीत आपण सगळे कोंबून बसलोय ती हीच.

तेव्हा पुढच्या वेळी ट्रॅव्हलरच्या मागच्या बाकावर बसाल तेव्हा लक्षात ठेवा, तुमच्या बाकाला १९० ने घराबाहेर काढलं होतं.

कुठलीही_चारचाकी
शेवटी माझ्या ओळखीची गाडी आली! आणि तिच्यात चार काय, चौदा बॅगा बसतात.

डिझेलभक्त
@आकुर्डीकर, कमाल माहिती. आणि बजाज टेम्पोच्याच ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमधलं इंजिनही १९० डी चंच ना?

स्पॅनरदादा
@डिझेलभक्त, नाही हो. ट्रॅक्सचं इंजिन ओएम ६१६, जुन्या २४० डी वालं, २.४ लिटर. ते चालू झालं की गल्लीला कळतं. १९० डी साठी ओएम ६०१ हे नवीन इंजिन केलं, २ लिटर, ७२ हॉर्सपॉवर, १९८३ ला आलं. शिवाय इंजिनाला चहूबाजूंनी आवाज अडवणारं आवरण घातलं, खालूनसुद्धा. आवाज जवळपास निम्मा. जर्मनांनी तिला ‘कुजबुजणारी डिझेल’ म्हटलं. खालचं आवरण काढल्याशिवाय तेल बदलता येत नाही, म्हणून बऱ्याच मेकॅनिकांनी ते एकदा काढलं ते परत लावलंच नाही. मग मालक म्हणतो, कुजबुज कुठे गेली?

दुसरी गंमत म्हणजे ही डिझेल किल्लीने थेट बंद होत नाही. किल्ली फिरवली की व्हॅक्यूम इंजिनापर्यंत पोचतो आणि डिझेल तोडतो. कुठे नळी चिरली आणि व्हॅक्यूम गळला की किल्ली खिशात आणि इंजिन चालूच, असा प्रकार होतो. बॉनेट उघडून इंजिनवरचा ‘स्टॉप’ लिहिलेला खटका दाबायचा.

चार्जिंगवाला
थोडं अवांतर: विजेवरची १९० सुद्धा होती. १९९२ पासून बाल्टिक समुद्रातल्या रुगेन बेटावर इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी झाली, त्यात बॅटरीवर चालणाऱ्या १९० पळवल्या. आज सगळे जे बोलतात त्याची रंगीत तालीम तिशी पार करून गेली.

मस्कतची_माई
आमच्या अहोंच्या साहेबांकडे मस्कतमध्ये १९० ई होती. काचा हाताने फिरवायच्या! मर्सिडीज आणि काच हाताने? मला तेव्हा फसवणूकच वाटली. दार मात्र असं लागायचं की परत परत उघडून लावावंसं वाटायचं.

हिशेबी
माईंनी मुद्दा आणून दिला म्हणून लिहितो. मी पेशाने कॉस्टिंगवाला, आणि ‘हिशेबनीसांना कोणी विचारत नव्हतं’ हे वाक्य मला डाचतं.

साधी १९० जर्मनीत सुरुवातीला साडेपंचवीस हजार मार्कांच्या घरात होती. त्या पैशात काय मिळायचं? चार गिअर. पाचवा हवा तर जादा पैसे. काचा हाताने, त्या विजेवर हव्यात तर जादा पैसे. पेट्रोल इंजिन तर नवीन केलंच नाही, १९८० ला डब्ल्यू १२३ साठी केलेलंच उचललं. पुढचं सस्पेन्शनही स्ट्रटचं, जागा वाचवणारं. म्हणजे जिथे पैसा वाचवता येत होता तिथे चोख वाचवलाय.

मग सगळा खर्च मागच्या सस्पेन्शनवर का? कारण ते एकट्या १९० साठी नव्हतंच. १९८४ ला डब्ल्यू १२३ ची जागा घेणारी डब्ल्यू १२४ आली, तिलाही तेच. पुढे मोठ्या गाड्यांतही तेच तत्त्व आलं. एका छोट्या गाडीच्या अंगावर टाकला तर वेडेपणा दिसतो, पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांत वाटून टाकला तर तो खर्च स्वस्त पडतो. हे गणित कुठल्यातरी हिशेबनीसानेच मांडलं असणार. मग इंजिनियरांना आठ वर्षं दिली.

सिंडेलफिंगनकर
@हिशेबी, प्रतिसाद आवडला. डब्ल्यू १२४ चा मुद्दा मी असा कधी जोडला नव्हता.

घाटमाथा
वाचून झालं. हिशेबींच्या प्रतिसादानंतर माझा मूळ प्रश्न जरा वेगळा मांडावा लागेल. गाडी का काढली याचं उत्तर कायदा आणि बीएमडब्ल्यू. पण ती अशी का काढली याचं उत्तर त्या पाच दांड्यांत आहे. नाइलाज असेल तर पळवाट शोधली जाते; यांनी नाइलाजाचं निमित्त करून पुढच्या पिढीची तयारी उरकली. कायद्याशिवाय फाइल कपाटात राहिली असती हे मात्र मी अजून सोडलेलं नाही.

ताम्हिणी३२५
चहा पिऊन आलो. ‘कायदा आणि बीएमडब्ल्यू’ यातला दुसरा शब्द ठळक करा, बाकी हरकत नाही.

पणजीवाला
सगळे जाणकार जमलेत म्हणून विचारतो. इथे एकाकडे १९० डी आहे, बाहेरून आणलेली, पट्ट्यांवाली, १९८९ ची. कागद नीट आहेत. शनिवारी बघायला जातोय. काय तपासू?

स्पॅनरदादा
समुद्राकाठची गाडी म्हणजे आधी गंज. जॅक लावायच्या जागांची प्लॅस्टिकची झाकणं काढून आत बोट घाला, पावडर हाताला लागली तर किंमत पाडा. पट्ट्यांमागे काय लपलंय ते बाहेरून दिसत नाही, एक तरी काढून दाखव म्हणावं. पुढच्या मडगार्डची खालची कड बघा. फ्यूज जुन्या धर्तीचे असतात, उघडे, दोन टोकांना धातू. ॲल्युमिनियमचे असतील तर तांब्याचे घालून घ्या, निम्मे इलेक्ट्रिकचे आजार तिथेच बरे होतात. मागच्या टायरची आतली कड हाताने चाचपा, का ते वर लिहिलंय. आणि इंजिन चालू करा, मग किल्ली काढा. लगेच बंद पडली तर नळ्या ठीक आहेत. फोटो टाका इथे.

पणजीवाला
टाकतो. खालचं आवरण जागेवर आहे का तेही बघतो.